काळ्या मातीवर विमान उतरवायचं तर

आर्णी तालुक्यातली कुठलीही पांदण घ्या. दिवाळीनंतर चिखल वाळून तिच्यावर चाकोऱ्या आणि उंचवटे दगडासारखे घट्ट झालेले असतात. त्यावरून कापसाने भरलेली बंडी जाते. वर बसलेला माणूस डुलत डुलत, क्वचित डुलकी काढत, घरी पोहोचतो. त्याच पांदणीवरून त्याचा मुलगा मोटारसायकल ताशी चाळीसने काढतो आणि मागे बसलेल्याची कंबर धरते. रस्ता तोच आणि उंचवटेही तेच. मोटारसायकलला तर चांगले शॉकअप आहेत, बंडीला काहीच नाही. मग त्रास उलटा का?

या कोड्याचं उत्तर सापडलं की दुसरं एक कोडंही सुटतं. निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडे हेलिकॉप्टरं उतरतात. दोन दिवस आधी कुणाचं तरी वावर सपाट होतं, टँकर पाणी मारतो, रोलर फिरतो, चुन्याचा गोल काढला जातो की झालं. मग छोटं विमान तसंच का उतरत नाही? यवतमाळजवळ भारीला डांबरी धावपट्टी आहे, पण आर्णीत नाही. समजा अरुणावतीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी गवताची धावपट्टी करायची ठरवली, तर काय काय करावं लागेल? हा लेख त्या कल्पनेतल्या धावपट्टीबद्दल आहे. माती मात्र खरीखुरी आपलीच आहे, आणि सगळा खेळ तिचाच आहे.

वजनाचा नव्हे, वेगाचा प्रश्न

चार माणसांचं एक प्रसिद्ध छोटं विमान, सेसना १७२, पूर्ण भरलं तरी सुमारे १,१०० किलो भरतं. म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढंच. त्याच्या चाकांतली हवाही मोटारीच्या चाकाइतकीच. तेव्हा जमीन वजनाने खचेल ही भीती कोरड्या दिवसांत नसते. फरक वेगात आहे. उतरताना आणि उडताना हे विमान ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जमिनीवरून धावत असतं.

चाक उंचवट्यावर चढतं तेव्हा ते वर उचललं जातं आणि लगेच खाली यायला लागतं. वेग दुप्पट केला की चाकाला दुप्पट झपाट्याने वर जावं लागतं, आणि दिशा बदलायला वेळ मात्र निम्माच मिळतो. दुप्पट काम निम्म्या वेळात, म्हणून धक्का चौपट. वेग दहापट तर धक्का शंभरपट. बंडी ताशी चार किलोमीटरने जाते, मोटारसायकल चाळीसने. शॉकअप या शंभरपटीला पुरे पडत नाहीत, हे पहिल्या कोड्याचं उत्तर.

आता आकडे घालून पाहू. जमिनीवर दर पाच मीटरला एक लाट आहे आणि तिच्या माथ्यापासून खळग्यापर्यंत दोन इंचांचा फरक आहे, असं धरा. एवढी लाट उभ्या माणसाच्या नजरेलाही येत नाही. बंडीच्या चाकाला त्यातून बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेव्या भागाएवढा, म्हणजे नसल्यातच जमा. मोटारसायकलच्या चाकाला तो निम्म्या गुरुत्वाकर्षणाएवढा बसतो. ताशी शंभरने धावणाऱ्या विमानाच्या चाकाला गुरुत्वाकर्षणाच्या तिपटीहून थोडा जास्त. म्हणजे चाक जमिनीला चिकटून राहूच शकत नाही. ते उडतं, पुन्हा आदळतं, आणि हे सेकंदाला पाच-सहा वेळा. अशा विमानाच्या पंख्याच्या पात्याचं टोक जमिनीपासून वीतभर, फार तर दीड वीत उंच असतं. नाकाखालचं चाक खळग्यात दबलं की पातं मातीला लागतं, आणि पात्याबरोबर इंजिनही कामातून जाऊ शकतं.

ऑस्ट्रेलियात अशा कच्च्या धावपट्ट्या पुष्कळ. तिथल्या नागरी उड्डाण खात्याच्या एका जुन्या मार्गदर्शिकेत गुळगुळीतपणाची परीक्षा मोठी मजेशीर दिली होती: कडक स्प्रिंगांची गाडी धावपट्टीवरून ताशी ७५ किलोमीटरने हाका, आतल्या माणसांना त्रास झाला नाही तर पृष्ठभाग चालेल. कुठलंही यंत्र नको. नजरेला न दिसणारी लाट कंबरेला बरोबर कळते.

हेलिकॉप्टरचंही यातच आलं. त्याला धावावं लागत नाही, म्हणून टेनिसच्या मैदानाएवढा तुकडा आणि एक टँकर पुरतो.

स्वतःला नांगरणारी जमीन

मग रोलर फिरवून सपाट करा की! करता येईल, आणि डिसेंबरात ती धावपट्टी सुंदर दिसेलही. पुढच्या डिसेंबरात तिथे पुन्हा लाटा असतील. कुणी काही न करता.

आपली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. मे महिन्यात वावरात पडलेल्या भेगेत तुराटी घातली तर ती आत जात राहते. जुलैत भेग कुठे होती ते सांगता येत नाही. यामागे मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज आहे. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन या गावावरून त्याचं नाव पडलं. त्याचा कण म्हणजे न शिवलेल्या पोथीची पानं. एकावर एक अतिशय पातळ पत्रे, आणि त्यांना बांधणारा दोरा अगदी सैल. पाणी पानांच्या मधे शिरतं, पानं दूर सरकतात, पोथी जाड होते. वाळली की पुन्हा मिटते. एका कणाचं हे फुगणं काहीच नाही. पण ज्या मातीत निम्मा भाग अशा चिकण कणांचाच आहे, तिथे सगळं वावरच श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं.

पण नुसतं फुगून पुन्हा बसलं तर जमीन होती तशीच व्हायला हवी. लाटा कुठून येतात? भेगेत बघा. उन्हाळ्यात वारा, गुरांचे पाय आणि वळवाचा पहिला सडा वरची भुसभुशीत माती भेगेत लोटतात. भेग खाली अर्धीअधिक भरते. मग पाऊस येतो, खालची माती फुगते आणि भेग मिटू पाहते. पण आत घास अडकलेला असतो. तोंडात घास असताना कुणी जबरदस्तीने जबडा मिटला तर गाल फुगणारच. तसा मातीला बाजूला जायला वाव नसतो, म्हणून ती वर उचलली जाते. दरवर्षी थोडं इथे, थोडं तिथे. वरची माती खाली आणि खालची वर. मृदाशास्त्रात या मातीला व्हर्टिसॉल म्हणतात. त्या नावातला लॅटिन धातू ‘उलटणे’ या अर्थाचा आहे. ऑस्ट्रेलियात या उंचवटे-खळग्यांच्या जमिनीला गिलगाय असा शब्द आहे, तो तिथल्या आदिवासी भाषेतून आला. आपल्याकडे दरवर्षी वखरणी होते म्हणून असे खळगे फारसे दिसत नाहीत. वखर थांबवा, जमीन पडीक ठेवा, मग दिसतील. आणि गवताची धावपट्टी ही वखरणाऱ्याच्या नजरेने पडीक जमीनच.

तेव्हा या मातीवरच्या उंचवट्याचं मूळ उंचवट्यात नाही, खालच्या ओलाव्याच्या चढउतारात आहे. नुसता उंचवटा काढणं म्हणजे ताप आलेल्याच्या कपाळावरचा घाम पुसणं.

आधी पाण्याची वाट

म्हणून पहिला खर्च रोलरवर नाही, नालीवर करायचा. खरं तर त्याहीआधी जागा. नदीकाठची भारी जमीन सोडून बरड बघायची, जिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. (विमानतळाच्या गावाचं नाव भारी आणि भारी जमीन विमानाला वाईट, या योगायोगाची मला फार मौज वाटते.) पण ८०० मीटर सलग सपाट बरड मिळणं कठीण. बरड म्हणजे टेकाडाचा उतार. सपाटी नदीकडेच असते. दोन्हींच्या मधली जागा मिळाली तर भाग्य.

आपली धावपट्टी ८०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद धरू. सुमारे सहा एकर झाली. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यावर २४ लाख लिटर पाणी पडेल. ते उभं राहता कामा नये. त्यासाठी मधला कणा उंच आणि दोन्ही कडांकडे उतार. दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार दिला तर मध्य कडेपेक्षा फूटभर उंच येतो. ऐकायला थोडकं वाटतं. भराव मोजला तर ३,६०० घनमीटर, म्हणजे जवळजवळ १,२७० ब्रास. तीन ब्रासच्या टिप्परच्या सव्वाचारशे खेपा! म्हणून शहाणा माणूस बाहेरून माती आणत नाही. दोन्ही बाजूंना नाल्या खोदतो आणि त्यातली माती मधे टाकतो. नाली खोल गेली तर कणा तेवढा उंच नसला तरी भागतं. सोयाबीनसाठी रुंद सरी-वरंबा पाडणाऱ्याने हेच तत्त्व वापरलेलं असतं. इथे वरंबा तीस मीटर रुंद आहे एवढंच.

चिखलापुढे कुणाचं चालत नाही, याला इतिहास साक्षी आहे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून मुंबईत जुहूला उतरवलं आणि भारतातली नियमित हवाई टपालसेवा सुरू झाली. तारीख पाहा: पाऊस ओसरल्यावरची. जुहूचं ते मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, आणि मग टाटांना आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. विमानं होती, वैमानिक होते, फक्त जमिनीला वाफसा नव्हता.

रंदा आणि लाटणं

आता उंचवट्यांकडे येऊ. इथे बहुतेकांची पहिली चूक होते: जड रोलर मागवतात. रोलर म्हणजे लाटणं. कणीक मऊ असेल तर लाटणं तिला पसरवतं. वाळलेल्या भाकरीवर ते नुसतं फिरतं. शिवाय जमीन पोळीसारखी बाजूला पसरत नाही. रोलर उंचवटाही दाबतो आणि खळगाही. उंचवट्याची माती उचलून खळग्यात टाकणं हे त्याचं काम नाही.

ते काम फळीचं. ट्रॅक्टरमागे लाकडी ओंडका, रेल्वेचा जुना रूळ किंवा लोखंडी चौकट ओढली की तिची धार माथे खरवडते, माती पुढे लोटते आणि खळग्यात सोडते. यात एक बारकावा आहे, तो सुतार पटकन सांगेल. लाकूड सरळ करायचं असेल तर सुतार लांब रंदा घेतो. आखूड रंदा लाकडाच्या बाकावरून बाकासारखाच फिरतो, चढतो, उतरतो आणि बाक तसाच ठेवून फक्त गुळगुळीत करतो. फळीचंही तेच. पाच मीटरची लाट घालवायची तर ओढायची चौकट पुढून मागपर्यंत त्याहून लांब हवी, म्हणजे ती दोन माथ्यांवर टेकून मधला फरक कापील. दीड मीटरचा वखर कितीही फिरवा, लाट राहतेच. फक्त गुळगुळीत लाट होते. उभं, मग तिरपं, मग उलट तिरपं, असं फिरवलं तर उत्तम.

मोठे खळगे फळीने भरत नाहीत. तिथे गवताचा थर कुदळीने उचलून बाजूला ठेवायचा, खाली तीन-चार इंचांचे पातळ थर देत माती भरायची, प्रत्येक थर ठोकायचा आणि वर तेच गवत परत बसवायचं. फूटभर माती एकदम टाकली तर वरचा भाग दबतो, खालचा पोकळ राहतो, आणि पहिल्या पावसात तिथे पुन्हा खळगा.

वाफसा

रोलर मग कधी? शेतकऱ्याकडे यासाठी एक शब्द आधीच आहे, आणि त्याची सर मला दुसऱ्या कशालाच वाटत नाही: वाफसा. माती ना चिखल ना ढेकूळ.

लॉस एंजेलिसमध्ये मातीच्या धरणांवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये हीच गोष्ट मोजून दाखवली. साच्यात मातीचे तीन थर घालायचे, प्रत्येकाला ठरावीक वजनाने २५ ठोके द्यायचे आणि दर वेळी पाणी थोडं वाढवत घनता पाहायची. पाणी वाढलं तशी माती जास्त दाबली जाते, एका टोकाला पोहोचते आणि मग उलट कमी दाबली जायला लागते. लाडू वळणाऱ्याला हे ठाऊक आहे. तूप कमी पडलं तर लाडू फुटतो, कारण कण एकमेकांवरून घसरत नाहीत. तूप जास्त झालं तर लाडू बसतो. मातीत जास्तीचं पाणीच पोकळ्या अडवून बसतं, आणि पाणी काही दाबलं जात नाही. जगभरच्या रस्त्यांचं काम आज या परीक्षेवर चालतं. शेतकऱ्याचा वाफसा आणि अभियंत्याचा हा बिंदू अगदी एकच नाहीत, पण शेजारी राहतात.

काळ्या मातीत आणखी एक गाठ आहे. इथे फार कोरडी आणि फार घट्ट दाबलेली माती पुढे जास्त फुगते. पोथीची पानं जितकी घट्ट मिटलेली तितकी पाण्याला उघडायला जागा जास्त. म्हणून वाफशापेक्षा किंचित ओली असतानाच आणि मध्यम वजनाच्या रोलरने दाबायची. जास्तीत जास्त वजन म्हणजे जास्तीत जास्त काम, हे इथे खोटं ठरतं.

हा ओलावा टँकरने आणता येईल का? सहा एकरांवर फक्त दहा मिलिमीटर पाणी द्यायचं तर दहा हजार लिटरचे २४ टँकर लागतील, आणि ते दोन-तीन इंचांपलीकडे मुरणारही नाही. तेव्हा रोलर पावसाच्या वेळापत्रकावर चालवायचा. परतीचा पाऊस गेल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, जेमतेम दोन-तीन आठवडे. नेमका तोच काळ सोयाबीनच्या काढणीचा, म्हणजे ट्रॅक्टर मिळायचा नाही, हे वेगळं.

चौकट : उभ्या उभ्या चार परीक्षा

• मूठभर माती वीतभर खोलीवरून घ्या आणि गोळा करा. गोळाच न होणारी माती कोरडी. गोळा झाला तर कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून मोकळा झाला तर वाफसा. चपटा होऊन बसला तर थांबा.
• स्क्रू ड्रायव्हर जमिनीत दाबा. एका ठिकाणी सहज जातो आणि दहा पावलांवर जात नाही, तर खाली ओलावा सारखा नाही.
• पावसानंतर भरलेली गाडी सावकाश, नागमोडी चालवा. चाकांचे ठसे इंचाहून खोल गेले तर विमान नको.
• कोरड्यात तीच गाडी ताशी ७५ ने. कंबर सांगेल.

शेतातला वैरी, धावपट्टीचा सोयरा

हरळीसाठी शेतकऱ्याच्या तोंडी चांगला शब्द मिळणार नाही. एक कांडी राहिली तरी पुन्हा वावरभर. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच, पण ते पुण्य तिला शेतात कामी येत नाही. ज्या गुणांसाठी ती शिव्या खाते तेच गुण इथे हवे आहेत. जमिनीवर आडवी धावणारी खोडं, जमिनीखालीही आडवी धावणारी खोडं, आणि प्रत्येक पेरावर मुळं. ही मातीत विणलेली सुतळीची जाळीच. चाक आलं की भार एका ढेकळावर न पडता जाळीवर पसरतो. पंख्याच्या झोताने माती उडत नाही. गुरांनी, डुकरांनी उकरलं तरी ती स्वतः रफू करते. उन्हाळ्यात पिवळी पडते, मरत नाही. पहिल्या पावसाला हिरवी.

बिया पेरण्यापेक्षा काड्या लावाव्यात, जूनअखेर किंवा जुलैत, वीत-वीत अंतरावर. मजूर विचारतील, हे काय चाललंय म्हणून. उत्तर तयार ठेवा. कुसळी आणि कुंदा मात्र काढावेच लागतात. ते झुबक्याने वाढतात, आणि प्रत्येक झुबका पुढे एक उंचवटा होतो. गवत चार बोटं उंच ठेवून कापत राहायचं. कापल्याने ते आडवं पसरतं आणि मातीचं पाणीही कमी पितं.

गवताची किंमतही मोजावी लागते. ते चाकाला धरतं. ब्रिटिश नागरी उड्डाण खात्याचा वैमानिकांसाठीचा ठोकताळा असा आहे: कोरड्या गवतावर उड्डाणाला २० टक्के जास्त अंतर, ओल्यावर ३० टक्के, आणि हवेचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आणखी दहा टक्के. हवा तापली की विरळ होते. पंखाला उचलायला आणि इंजिनाला जाळायला ती कमीच मिळते. पंधरा अंशांत डांबरीवर ५०० मीटरमध्ये उडणारं विमान आपल्या त्रेचाळीस अंशांच्या दुपारी गवतावर सुमारे ७८० मीटर मागतं. मघाशी लांबी ८०० मीटर धरली ती यासाठी. सकाळी सहाला उडणारा वैमानिक त्यातले शंभरेक मीटर सहज वाचवतो.

पुण्यात हडपसरला केंद्र सरकारच्या नागरी विमानन महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे. तिथे बिनइंजिनाची ग्लायडरं गवताच्या मैदानावरून विंचने, म्हणजे लांब दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, पतंगासारखी ओढून वर चढवतात. गवताचं मैदान म्हणजे डांबर परवडलं नाही म्हणून केलेली तडजोड, असं समजायचं कारण नाही.

पांघरूण किती जाड?

काळ्या मातीवर मुरूम टाकला की प्रश्न मिटतो, असा एक समज आहे. अर्धा खरा. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात काळ्या मातीच्या फुगण्यावर बरंच काम केलं. त्यांचा उपाय असा: वर न फुगणाऱ्या, पण अंगी चिकटपणा असलेल्या मातीचं जाड पांघरूण घालायचं. कालव्यांच्या कामांत ते वापरलंही गेलं. पण ते पांघरूण मीटरभर जाड हवं. आपल्या सहा एकरांवर तेवढा मुरूम म्हणजे साडेआठ हजार ब्रासच्या घरात. त्या पैशात जमीनच दुसरीकडे घ्यावी.

नागपूर–तुळजापूर महामार्ग आर्णीतून जातो. अशा मोठ्या रस्त्यांच्या कामात काळ्या मातीत थोडा चुना मिसळण्याची पद्धत आहे. चुना पोथीच्या पानांना आवळतो आणि माती शहाण्यासारखी वागायला लागते. धावपट्टीवर तो विमानं टेकतात त्या दोन टोकांपुरता परवडेल. वरचा सहा इंचांचा थर मात्र चुन्याशिवायचा ठेवायचा, नाहीतर हरळी रुसते.

मुरमाचा पातळ थर, चार-सहा इंचांचा, तरीही कामाचा आहे. तो फुगणं थांबवत नाही. ऊन थेट काळ्या मातीवर पडू देत नाही, त्यामुळे ती सावकाश आणि सगळीकडे सारखी वाळते. मोठी एक भेग पडण्याऐवजी बारीक शंभर पडतात. मात्र तो चाळलेला हवा. सुपारीएवढा खडाही पंख्याच्या ओढीने उचलला जातो आणि पात्याला खाच पाडतो. म्हणून हिवाळाभर रोज सकाळी गोटे वेचणं आलंच, आणि रात्री रोही येऊन गेले असतील तर त्यांच्या खुरांचे खड्डे बुजवणंही.

मे महिन्यातला मोह

इतकं सगळं करूनही मे महिन्यात हरळीखालून भेगा डोकावतात. धावपट्टीवर भेग दिसली की कुणालाही वाटतं, घमेलंभर मुरूम आणावा आणि ठासून भरावा. हात आवरायचा. भरलेली भेग म्हणजे तोंडात घास. जून-जुलैत माती फुगेल तेव्हा तिथेच गाल वर येईल, आणि तोही कडक मुरमाचा. भेग चाक अडकण्याइतकी रुंद असेल तर चुन्याची रेघ मारून तेवढा भाग बंद ठेवायचा. कापलेलं गवत तिच्यावर पसरायचं, म्हणजे वाऱ्याने माती आत जाणार नाही. मग पावसाची वाट. दोन-तीन चांगले पाऊस झाले की ती आपली आपण मिटते. मिटल्यावर जी अंगठ्याएवढी खोल रेघ उरते, तेवढीच चाळलेल्या मातीने भरायची आणि तिथे हरळीच्या दोन काड्या खोचायच्या.